घुमटाचा शिल्पी ब्रुनेलेस्की

इटलीतील फ्लॉरेन्स या नगरात इ. स. १२९६ मध्ये एका विशाल ख्रिस्तमंदिराचा पाया घातला गेला. शंभरावर वर्षे लोटली, भिंती उभ्या राहिल्या. परंतु मध्यभागीचा अष्टकोन छपरावाचून उघडाच राहिला. त्याची रुंदी १४० फुटांहून अधिक! घुमट बांधताना चुना घट्ट होईपर्यंत त्यास खालून लाकडी कालबुताचा आधार द्यावयाचा, ही पूर्वापार वहिवाट. पण एवढ्या प्रचंड कालबुताला लाकूड आणावे कोठून?

अखेर १४१८ साली मंदिराच्या चालकांनी कारागिरांकडून योजना मागविल्या. त्यांत फिलिप्पो ब्रुनेलेस्की पुढे आला. त्याचा जन्म १३७७ सालचा. शिक्षण सोनारकामाचे, तथापि रोममधील प्राचीन वास्तूंचे त्याने बारकाईने अवलोकन केले होते. कालबुतावाचून घुमट उभारता येईल, असे त्याने सभेपुढे मांडले, तेव्हा त्यास वेडा ठरवून सभेबाहेर काढण्यात आले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आपली युक्ती कोणी चोरील या भीतीने तो ती पुरती उघड करीना. त्यामुळे लोकांचा संशय अधिकच बळावला, हेही खरे.

१४२० साली काम त्याला मिळाले, पण अर्ध्या विश्वासाने. आरंभी ठराविक उंचीपर्यंतची रीत तेवढी ठरली. पुढचे अनुभवावर सोडले. शिवाय गिबेर्ती या नामांकित शिल्पकाराची त्याच्या बरोबरीने नेमणूक झाली आणि वेतनही सारखेच ठेवले गेले. पूर्वी ब्राँझच्या दारांचे मोठे काम याच गिबेर्तीने स्पर्धेत मिळविले होते. मानी ब्रुनेलेस्कीला हे किती झोंबले असेल!

त्याने एकात एक असे दोन घुमट रचले. आडव्या विटांच्या थरांत मधूनमधून उभ्या विटा बसविल्या. त्यामुळे ओला थर घसरेना आणि प्रत्येक वेढा पुरा होताच आपला भार आपणच पेलू लागला. ओझी चढविण्यासाठी त्याने बैलांनी चालणारे यंत्र बनविले. त्यातील दाते बदलले की बैल त्याच दिशेने चालत असतानाही दोर वर जाण्याऐवजी खाली येई. पूर्वी यासाठी बैल सोडून उलटे जुंपावे लागत, आणि त्यात फार वेळ मोडे.

घुमट माथ्याशी येत असता, १४३४ साली, गवंडी व सुतार यांच्या संघाने त्याला तुरुंगात टाकविले. अपराध एवढाच, की त्या संघाची वर्गणी त्याने भरली नव्हती! मंदिराच्या चालकांनी खटपट करून थोड्याच दिवसांत त्याची सुटका केली.

१४३६ साली घुमट पुरा झाला. आता माथ्यावर संगमरवरी कळस चढवावयाचा राहिला. ज्याने घुमट उभारला, त्यालाच तो सांगावा, असे कोणासही वाटेल. पण चालकांनी पुन्हा स्पर्धा लावली. ब्रुनेलेस्कीने पुन्हा नमुना केला, आणि तोच निवडला गेला. १४४६ साली तो वारला, तेव्हा कळसाच्या कामास नुकताच आरंभ झाला होता. त्याच्यामागून तो त्याच्याच नमुन्याप्रमाणे पुरा झाला. ब्रुनेलेस्कीचा देह त्याच मंदिरात पुरलेला आहे.