कारकून चार्ल्स लॅम्ब

शेक्सपिअरच्या नाटकांच्या ज्या सोप्या गद्य गोष्टी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या हातीं पिढ्यान्‌पिढ्या पडत आल्या, त्यांच्यावरील चार्ल्स लॅम्ब हें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. परंतु हा गृहस्थ पोटासाठीं कारकून होता; सकाळीं कचेरींत जावें, दिवसभर मोठमोठ्या वह्यांत आंकडे भरावे, सायंकाळीं थकून घरीं यावें, असा तेहेतीस वर्षें त्याचा क्रम चालला होता, हें थोड्यांस ठाऊक असतें. आणि ज्या कंपनीच्या वह्या तो लिहीत होता ती कोणती, हें कळलें म्हणजे आपल्याकडील वाचक सांवरून बसेल. ती ईस्ट इंडिया कंपनी. १८१८ सालीं पेशवाईचा शेवट झाला, त्या वेळीं हा कारकून लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या वाड्यांत चहा, नीळ व कापड यांचे हिशेब करीत बसला होता.

चार्ल्सचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजीं लंडनमध्यें झाला. त्याचे वडील सॅम्युएल सॉल्ट नांवाच्या एका विधिज्ञाच्या पदरीं कारकून होते, आणि टेंपल नांवाच्या वकिलांच्या जुन्या वसाहतींत धन्याच्या आश्रयानें हें कुटुंब राहत असे. सात मुलांपैकीं तीनच वांचलीं: थोरला जॉन, मधली मेरी व शेंडेफळ चार्ल्स. मेरी त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठी. १७८२ सालीं त्यास क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेंत घातलें. नांवांत इस्पितळ असलें तरी ती शाळाच. बेताच्या स्थितीच्या मुलांस तेथें शिक्षण, अन्न, आणि लांब निळा अंगरखा व पिवळे पायमोजे असा पोषाख मिळे. पुढें कवि म्हणून नांवाजलेल्या कोलरिजशीं त्याची मैत्री येथेंच जमली व ती अखेरपर्यंत टिकली. चार्ल्स अभ्यासांत हुशार होता, पण त्याची जीभ अडखळे. त्या शाळेंतून विश्वविद्यालयांत जाणाऱ्यांनीं पुढें धर्मोपदेशक व्हावें अशी अपेक्षा असे, आणि अडखळत बोलणाऱ्यास व्यासपीठावर कोण उभें करणार? चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. कोलरिज पुढें केंब्रिजला गेला. लॅम्ब कचेरींत गेला.

कांहीं महिने दुसरीकडे काढून ५ एप्रिल १७९२ रोजीं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यांत लागला. पहिलीं तीन वर्षें निव्वळ उमेदवारी, पगार नाहीं. ही उमेदवारी संपते न संपते तोंच १७९५ च्या हिवाळ्यांत त्याचें स्वतःचेंच चित्त बिघडलें, व सहा आठवडे त्यास वेड्यांच्या इस्पितळांत राहावें लागलें. तो बरा होऊन कामावर आला. पण घरची स्थिति कठीण होती. वडील म्हातारपणानें भ्रमिष्ट झालेले, आई अंथरुणास खिळलेली, आणि मेरी दिवसा शिवणकाम करून घर चालवी व रात्रीं आईची शुश्रूषा करी. २२ सप्टेंबर १७९६ रोजीं तिच्या मनाचा तोल एकाएकीं गेला. जेवणाच्या मेजावरील सुरी तिनें उचलली, आणि तिच्या हातून आईचा प्राण गेला. चार्ल्सनें धांवत येऊन तिच्या हातांतील सुरी काढून घेतली. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता.

चौकशी होऊन मेरी वेडाच्या भरांत होती असा निर्णय झाला. थोरल्या भावाचें मत पडलें कीं तिला जन्मभर इस्पितळांतच ठेवावें. जॉन कांहीं दुष्ट नव्हता. व्यवहारी माणूस दहांत नऊ वेळां असेंच बोलेल. धाकट्या भावानें मात्र तिच्या पालनाची हमी स्वतः घेतली, आणि १७९९ मध्यें वडील वारल्यावर तिला आपल्या घरीं आणलें. त्यानें लग्न केलें नाहीं. पुढें पस्तीस वर्षें हीं भावंडें एकत्र राहिलीं. मेरीचा आजार पुन्हां पुन्हां उलटे. तो येणार हें तिचें तिलाच आधीं कळे. मग चार्ल्स कचेरींतून रजा घेई, आणि दोघें हातांत हात घालून शेतांमधून इस्पितळाची वाट धरीत. एका स्नेह्यानें त्यांस असें रडत जातांना पाहिलें होतें. शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली म्हणजे बिऱ्हाड बदलावें लागे. हें सर्व आम्हीं बालवाचकांसमोर मुद्दाम मांडलें. तें न सांगतां त्याचे विनोद सांगितले, तर भरल्या पोटीं बसून गंमत करणारा कोणी सुखवस्तु गृहस्थ डोळ्यांसमोर उभा राहील, आणि तसा तो नव्हता.

मेरी बरी असे तेव्हां ती मोठी शहाणी, वाचनाची गोडी असलेली व प्रेमळ बाई होती. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या शेक्सपिअरच्या गोष्टींतील सुखान्त तिच्या आहेत. भावानें फक्त शोकान्त लिहिल्या. तरी पहिल्या आवृत्तीवर नांव एकट्या चार्ल्सचें. दोघें एकाच मेजावर बसून लिहीत. मेरी तपकीर ओढी, आणि भाऊ आपल्यास हें मुळींच साधत नाहीं म्हणून कण्हत राही. गोष्ट संपली म्हणजे मग त्यास कळे कीं कांहीं तरी साधलें आहे. ज्या घरांत मुलें परीक्षेचा अभ्यास करतात त्या घरांतील आईबापांस हें चित्र ओळखीचें वाटेल.

त्याचा विनोद बहुधा स्वतःवरच उलटलेला असे. १८०६ च्या डिसेंबरांत त्याचें एक प्रहसन ड्रुरी लेन नाटकगृहांत झालें. तें पार पडलें, म्हणजे पडलेंच. प्रेक्षक चिडून हिस्‌ हिस्‌ करूं लागले, तेव्हां त्यांत सर्वांत जोरानें हिस्‌ हिस्‌ करणारा स्वतः लॅम्ब होता. कचेरींत तो रोज उशिरां येतो अशी वरिष्ठानें तक्रार केली, तेव्हां त्याची भरपाई म्हणून आपण लवकर घरीं जातों, असें त्यानें अडखळत उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हा उपाय करून पाहूं नये, आमचा मुख्याध्यापक लॅम्बचा वरिष्ठ नव्हे.) आपले खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटच्या फडताळांत आहेत, असेंही तो म्हणे. ते ग्रंथ म्हणजे हिशेबाच्या वह्या.

ऑगस्ट १८२० पासून लंडन मॅगझीन या मासिकांत त्याचे निबंध येऊं लागले. लेखक म्हणून त्यानें एलिया हें टोपणनांव घेतलें. पूर्वीच्या एका कचेरींतील इटालियन कारकुनाचें तें नांव. मेरी या निबंधांत चुलतबहीण ब्रिजेट होऊन येते. यांत राजे नाहींत, लढाया नाहींत. गरीब नातेवाईक जेवणाच्या वेळेस नेमका दारांत उभा राहतो. धुराडीं झाडणारीं पोरें काळ्या तोंडानें पांढरे दांत काढून हंसतात. जेवणापूर्वीं उपकारस्तुति करतों तशी उत्तम पुस्तक उघडण्यापूर्वीं कां करूं नये, असा प्रश्न निघतो. एका निबंधांत एलिया रोजच्या घोड्यांच्या उतारू गाडींत बसला आहे. वाटेंत एक गंभीर गृहस्थ चढतो व प्रश्नांची सरबत्ती सुरू करतो. बाजारांतील बक्षिसाचीं गुरें पाहिलीं काय? एलियानें पाहिलेलीं नसतात. कापसाच्या कापडाची स्वस्ताई निघते तेव्हां मात्र कंपनीचा कारकून खुलतो, हिंदुस्थानच्या बाजारावर घडाघडा बोलूं लागतो. तोंच तो गृहस्थ लंडनमधील सगळ्या किरकोळ दुकानांचें एकूण भाडें किती होईल, तें विचारतो! शेवटीं उत्तर ध्रुवाकडील मोहिमेवर गाडी येते, आणि सुदैवानें त्याचें उतरण्याचें ठिकाणही येतें. तो शाळामास्तर होता हें मागाहून कळतें. हा निबंध आम्हीं शिक्षकांनीं वर्षांतून एकदां वाचावा असा आहे. रेलगाडींत शेजारच्या उतारूस गणितें घालण्याची खोड आमच्या वर्गाची अद्यापि गेलेली नाहीं.

घरगुती निबंधांत जुन्या चिनी भांड्यांवरील निबंध आम्हांस सर्वांत आवडतो. भाऊबहीण नव्या चिनी पेल्यांतून चहा पीत आहेत, हातीं आतां थोडा पैसा आहे. आणि ब्रिजेटला एकाएकीं गरिबीचे दिवस आठवतात. बोमंट व फ्लेचर यांच्या नाटकांचा एक जाडा ग्रंथ दुकानांत होता. पंधरासोळा शिलिंगांची गोष्ट, पण आठवडेच्या आठवडे दोघांची चर्चा चालली. शनिवारीं रात्रीं दहा वाजावयास आले तेव्हां बेत ठरला. भाऊ इझ्लिंग्टनहून निघाला. म्हाताऱ्या दुकानदारानें कुरकुर करीत दार उघडलें व मेणबत्तीच्या उजेडांत पुस्तक शोधून दिलें. त्यापायीं जुना तपकिरी पोषाख आणखी महिनाभर घालावा लागला. रात्रींच सुटीं पानें खळीनें चिकटवण्यास तो बसला. सकाळपर्यंत थांबण्याचा त्यास धीर नव्हता. आतां हवें तें पुस्तक घेतां येतें, पण तशी मजा कोठें, असें तिचें म्हणणें. भाऊ तिला समजावतो कीं तारुण्य गेलें त्याच्या बदल्यांत थोडा पैसा हवाच. तिचें समाधान झालें कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. पेल्यावरील चित्र पाहण्यास सांगून विषय बदलतो. प्रत्येक घरांत हें भांडण होतें, आणि तें भांडण नसतें.

त्यास दारूचें व्यसन होतें, व तें त्यानें लपविलें नाहीं. आम्ही त्याचें समर्थन करीत नाहीं.

२९ मार्च १८२५ रोजीं कंपनीनें त्यास सालीना ४५० पौंडांच्या पेन्शनवर मोकळें केलें. त्यांतून मागें राहणाऱ्या बहिणीच्या तजविजीसाठीं ९ पौंड कापले जात, व ४४१ हातीं येत. तेहेतीस वर्षें ज्या सुटकेची वाट पाहिली ती मिळाली, आणि हा माणूस भांबावला. सगळे वार सारखे झाले, रविवारची गोडी गेली. जुन्या सोबत्यांच्या मेजांपाशीं जाऊन उभें राहावें, तर आपल्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी. यावरही त्यानें निबंध लिहिला, आणि तो वाचतांना हंसूं येतें तेवढेंच वाईटही वाटतें. पुढें भावंडें एन्फील्डला व मग १८३३ मध्यें एडमंटनला गेलीं. तोंवर मेरीचा आजार वाढला होता. तिला दूर ठेवण्याऐवजीं, ज्या घरांत तिची शुश्रूषा होई त्याच घरांत तो स्वतः राहण्यास गेला.

१८३४ च्या जुलैंत कोलरिज वारला. डिसेंबरांत फिरावयास गेला असतां लॅम्ब रस्त्यांत पडला. चेहऱ्यास खरचटलें, जखम चिघळून विसर्परोग झाला, आणि २७ डिसेंबर रोजीं त्यास मृत्यु आला. एडमंटनच्या देवळाच्या आवारांत, त्यानें स्वतः निवडून ठेवलेल्या जागीं, त्यास पुरलें. मेरी बारा वर्षांहून अधिक काळ मागें राहिली. बरी असे तेव्हां सायंकाळीं ती त्या कबरेपाशीं जाऊन बसे. २० मे १८४७ रोजीं ती वारली, व तिलाही तेथेंच भावाजवळ ठेवलें.