पदवी नसलेल्या गुरूची सनद

आपल्या पाळकांच्या नावापुढे बी.डी. ही अक्षरे आपण अनेकदा पाहिली असतील. भारतात या पदवीला कायद्याचे बळ मिळाले, त्याच्या मुळाशी एक असा मनुष्य आहे की ज्याने विद्यापीठाची पायरी कधी विद्यार्थी म्हणून चढली नाही.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील एका विणकराच्या घरी झाला. तरुणपणी ते जोडे शिवून पोट भरीत आणि फावल्या वेळी ग्रीक व इब्री शिकत. ते बाप्तिस्त होते. राजमान्य चर्चबाहेरील अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या पदव्या मिळत नसत. १७९३ साली ते बंगालमध्ये आले. कंपनी सरकार मिशनकार्यास अनुकूल नसल्याने १८०० साली त्यांनी डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूर येथे आश्रय घेतला. पुढे पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी आपल्या मराठीचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) छापले, हे उपकार आपण कसे विसरावे?

१८१८ साली कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी सेरामपूर महाविद्यालय स्थापिले. तेथे सर्व जातिधर्मांच्या तरुणांना प्रवेश होता. परंतु खाजगी शाळेच्या प्रमाणपत्राला बाहेर कोण विचारणार? म्हणून मार्शमन यांनी युरोपात जाऊन खटपट केली आणि १८२७ साली डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी पदवीदानाचा अधिकार देणारी सनद दिली. मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे तेव्हा तीस वर्षे दूर होती!

१८३४ साली कॅरी प्रभूच्या घरी गेले. त्या सनदेखाली ईश्वरविज्ञानाची एकही पदवी त्यांना पाहावयास मिळाली नाही. १८४५ साली सेरामपूर इंग्रजांना विकले गेले, तरी करारात सनदेचे हक्क अबाधित राहिले. पहिल्या बी.डी. पदव्या १९१५ साली दिल्या गेल्या आणि १९१८ च्या बंगालच्या कायद्याने सिनेटची रचना होऊन निरनिराळ्या मंडळ्यांच्या सेमिनरींना संलग्न होण्याची वाट मोकळी झाली. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरीही पुढे अशीच संलग्न झाली होती.

वाचकहो, आपला मुलगा किंवा मुलगी सेमिनरीत जाऊ इच्छित असेल, तर तेथील पदवीला कोणाची मान्यता आहे, हे आधी अवश्य विचारा. पाटी रंगविणे सोपे असते. वाया गेलेली वर्षे मात्र परत येत नाहीत. तसेच पदवी नसलेल्या सेवकाला कमी लेखू नका. कॅरींचे पाचारण कोणत्याही सनदेतून आले नव्हते. तरीही आपल्यामागून येणाऱ्यांसाठी सनद मिळावी म्हणून ते झटले. दुसऱ्यांसाठी दार उघडून ठेवणे, हीदेखील प्रभूची सेवाच आहे.