बोलणारी अक्षरे

युरोपच्या मध्यभागी मोराव्हिया नावाचा प्रांत आहे. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो. या प्रांतात २८ मार्च १५९२ रोजी कोमेनियसचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो पोरका झाला व त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. लॅटिन शाळेत जावयास त्याला सोळावे वर्ष उजाडले. त्या काळच्या शाळांत छडीचा धाक आणि अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी यांचेच राज्य असे.

पुढे कोमेनियस शिक्षक व धर्मोपदेशक झाला. परंतु १६१८ साली युरोपात तीस वर्षे चाललेले युद्ध पेटले. त्यात त्याचे घरदार गेले. १६२२ साली प्लेगने त्याची पत्नी व दोन्ही मुले हिरावून नेली. १६२८ साली धर्ममतासाठी त्याला मायभूमी सोडावी लागली. पोलंडमधील लेश्नो या गावी त्याने आश्रय घेतला. पण मुलांना विद्या आनंदाने कशी मिळेल, हा ध्यास सोडला नाही.

आपल्या लिपीत ‘का’ या अक्षराचे जे नाव, तोच त्याचा उच्चार. रोमन लिपीचे तसे नाही. तेथे अक्षराचे नाव ‘एस्’, पण शब्दात त्याचा ध्वनी केवळ ‘स्’. अक्षरांची नुसती नावे घोकणाऱ्या बालकाला शब्द वाचता येईना, यात नवल ते काय?

कोमेनियसने यावर उपाय शोधला. १६५० ते १६५४ या काळात तो हंगेरीतील शारोशपाटक येथे शिकवीत होता. तेथे त्याने मुलांसाठी एक सचित्र पुस्तक रचले. त्याच्या आरंभी प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र होते. फूत्कारणारा साप ‘स्’ शिकवी, गुरगुरणारा कुत्रा ‘र्’ शिकवी, तर कोकरू आपल्या ‘बे बे’ने ‘ब्’ शिकवी. मुलांनी चित्र पाहावे, तो आवाज काढावा आणि मग अक्षर ओळखावे. शिक्षकाने प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून दाखवावी, विद्यार्थ्याने तिचे अनुकरण करावे व चुकल्यास ती चूक तेथल्या तेथे सुधारावी, असे त्याचे मत होते. गुरूच्या मुखातून ध्वनी ऐकला, की मुलांना अक्षरांचे भय वाटत नसे.

१६५६ साली लेश्नो आगीत भस्मसात झाले. चाळीसहून अधिक वर्षे खपून सिद्ध केलेल्या शब्दकोशाचे हस्तलिखितही त्यात जळाले. तेव्हा कोमेनियस चौसष्ट वर्षांचा होता. तरीही तो खचला नाही. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरी जाऊन त्याने पुन्हा लेखणी हाती घेतली. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे त्याचे ते सचित्र पुस्तक, ‘ऑर्बिस पिक्टस’, प्रसिद्ध झाले. लवकरच अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी या थोर शिक्षकाने परक्या भूमीत देह ठेवला. मायदेशी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. परंतु त्याचे पुस्तक देशोदेशींच्या मुलांच्या हाती पोहोचले, आणि त्यातील साप, कुत्रा व कोकरू पुढील कित्येक पिढ्यांना वाचावयास शिकवीत राहिले.