थोरोचे घर आणि थोरोचा हिशेब

काटकसर आणि कद्रूपणा यांतला फरक आपल्या घरांतून बहुधा स्त्रियांनाच नीट कळत आलेला आहे. एखाद्या पुरुषाने त्या विषयावर ग्रंथ लिहावा आणि त्यात तांदूळ, पीठ व काकवी यांचा खर्च पै-पैसह छापावा, ही गोष्ट विरळाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हार्वर्ड विद्यापीठाच्या एका पदवीधराने ती केली. त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो. त्याच्या ‘वॉल्डन’ची मराठी वाचकांशी गाठ घालून दिली ती दुर्गाबाई भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवाद करून. दुर्गाबाईंचा जन्म १९१० सालचा, आणि तोही आपल्या इंदूरचा. त्यामुळे ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात थोरोला पाचारण करताना आपण अगदीच परका पाहुणा बोलावीत आहोत, असे वाटत नाही.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या गावी झाला. वडील शिसपेन्सिली तयार करीत. आई घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवी आणि त्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था पाही. अशा घरातून चार मुलांपैकी एकाला हार्वर्डला पाठवणे ही सोपी गोष्ट नव्हती. १८३७ मध्ये तो पदवी घेऊन परतला, गावच्या शाळेत शिक्षक झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांत बाहेर पडला. मुलांना छडी मारावी हा वरिष्ठांचा आग्रह त्याला मानवला नाही. पुढे थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर त्याने स्वतःची शाळा काढली. ती चांगली चालली, पण जॉनची प्रकृती खालावल्याने १८४१ मध्ये बंद झाली. जानेवारी १८४२ मध्ये दाढी करताना झालेल्या लहानशा जखमेतून धनुर्वात होऊन जॉन गेला. त्या मृत्यूचा थोरोवर फार खोल परिणाम झाला.

वडिलांच्या धंद्यात मात्र त्याने मन घातले होते. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती योग्य प्रमाणात मिसळून त्याने पेन्सिलीत अशी सुधारणा केली, की थोरो घराण्याच्या पेन्सिलींची गणना अमेरिकेतील उत्तम पेन्सिलींत होऊ लागली. दुसरा एखादा असता तर तेथेच त्याने कारखानदारीचा पाया घातला असता. थोरोला त्या कामाचे कोडे सुटताच त्यातील रस संपला. त्याला वेळ हवा होता. लिहायला, वाचायला आणि रानातून हिंडायला. वेळ विकत घ्यायचा तर पैसा हवा आणि पैसा मिळवायचा तर वेळ द्यायला हवा, या पेचातून बाहेर पडण्याची त्याची युक्ती साधी होती. त्याने गरजांच्या बाजूने हिशेब मांडायला सुरुवात केली.

१८४५ च्या मार्चअखेर, उसनी आणलेली कुऱ्हाड घेऊन तो वॉल्डन तळ्याकाठच्या रानात गेला. जागा त्याचा वडीलधारा मित्र, तत्त्वचिंतक इमर्सन याच्या मालकीची होती. रेल्वेच्या कामावरील एका आयरिश मजुराचे खोपट त्याने सव्वाचार डॉलरना विकत घेतले, त्याच्या फळ्या सुट्या करून उन्हात वाळवल्या आणि त्यांतून आपले घर उभे केले. घर दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब होते. जुन्या हजार विटांना ४ डॉलर पडले, काचांसह दोन जुन्या खिडक्यांना २ डॉलर ४३ सेंट. मालाची बरीचशी ने-आण त्याने स्वतःच्या पाठीवरून केली. एकूण खर्च झाला २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला नुसत्या खोलीचे वार्षिक भाडे ३० डॉलर पडत असे, ही तुलना त्याने मुद्दाम करून दाखवली आहे. ४ जुलै १८४५ या दिवशी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो तेथे राहायला गेला. दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस त्याचा मुक्काम तेथे होता.

घरातील सामानाची यादीही त्याने दिली आहे. एक पलंग, एक टेबल, एक लिहिण्याचे मेज, तीन खुर्च्या, तळहाताहूनही लहान आरसा, एक किटली, एक तवा, तीन ताटल्या, दोन सुऱ्या आणि दोन काटे, एक पेला, एक चमचा, तेलाची एक आणि काकवीची एक बरणी, एक दिवा. खिडक्यांना पडदे नव्हते, कारण डोकावून पाहणारे सूर्य आणि चंद्र यांखेरीज कोणी नव्हते. एका बाईंनी त्याला पायपुसणे देऊ केले, ते त्याने घेतले नाही. ठेवायला जागा आणि झटकायला वेळ कोठून आणायचा, हा त्याचा प्रश्न. मेजावर चुनखडीचे तीन सुरेख तुकडे होते. त्यांच्यावरची धूळ रोज पुसावी लागते, हे लक्षात येताच त्याने ते खिडकीतून फेकून दिले. दिवाळीच्या तोंडावर आपल्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटासमोर फडके घेऊन उभ्या राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला या तीन दगडांचे मर्म सांगावे लागणार नाही.

अन्नाचा हिशेब याहून बारीक आहे. आठ महिन्यांचा किराणा ८ डॉलर ७४ सेंटचा. त्यात तांदूळ, काकवी, राय नावाच्या धान्याचे पीठ, मक्याचे पीठ आणि थोडे मीठ-मांस. भारतीय तत्त्वज्ञानावर आपला इतका जीव, तेव्हा आपले मुख्य अन्न भात असावे हे योग्यच, असे तो मिश्कीलपणे सुचवतो. तळ्याकाठी तो सकाळी भगवद्गीता वाचीत असे. अडीच एकर जमिनीत त्याने मुख्यतः घेवडा लावला होता. ओळी एकापुढे एक मांडल्या तर लांबी सात मैल भरली असती. त्या शेतीतून पहिल्या वर्षी खर्च वजा जाता त्याच्या हाती पडले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. उरलेली भर मोजणी, सुतारकाम आणि मजुरी करून त्याने घातली. या सगळ्याचा निष्कर्ष असा निघाला, की वर्षातून सुमारे सहा आठवडे काम केले तर एका माणसाचे पोट भरते.

राहिलेले शेहेचाळीस आठवडे हीच त्याची खरी कमाई होती, आणि ती त्याने उधळली नाही. दिवंगत भावाबरोबर केलेल्या नौकाप्रवासावरचे पहिले पुस्तक त्याने याच घरात लिहिले आणि ‘वॉल्डन’चा पहिला खर्डाही येथेच झाला. वस्तूची किंमत तिच्यासाठी खर्ची पडणाऱ्या आयुष्यात मोजावी, हे त्याच्या अर्थशास्त्राचे मूळ सूत्र. कॉन्कॉर्डला १८४४ मध्ये आगगाडी आली होती. तीस मैलांवरील फिचबर्गला जायला ९० सेंट तिकीट, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची मजुरी. तिकिटाचे पैसे कमावण्यात एकाचा दिवस जाणार आणि चालत निघालेला दुसरा रात्रीपर्यंत पोहोचलेलाही असणार. मग वेगवान कोण, हा त्याचा प्रश्न आपल्याला हसवतो खरा, पण खोडून काढता येत नाही.

येथवर सारे गोड वाटते. परंतु थोरोच्या या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली आहे आणि ती सगळीच अनाठायी नाही. जागेचे भाडे त्याला द्यावे लागले नाही. आईचे घर फार तर दीड मैलावर. तेथे आणि इमर्सनच्या घरी त्याचे जेवणखाण अधूनमधून होत असे. आपल्याकडचे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याची येथे आठवण होते. हे त्याने लपवलेले नाही, तरी त्याच्या जमाखर्चात या ताटांना रकाना नाही. शिवाय तो एकटा होता. घरात आजारी माणूस, शिकणारी मुले, लग्नाची मुलगी असते तेव्हा काटकसरीचा अर्थच बदलतो, आणि तिचा भार घरात कोण किती उचलतो हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न थोरोला कधी भेटला नाही.

भेटला होता, पण त्याने तो नीट ऐकला नाही, असे म्हणणे अधिक न्यायाचे. जॉन फील्ड नावाच्या एका आयरिश मजुराच्या गळक्या झोपडीत पावसामुळे त्याला एकदा आसरा घ्यावा लागला. घरात बायको आणि बरीच मुले. दलदलीची जमीन खणून फील्ड कसेबसे पोट भरीत होता. थोरोने त्याला समजावून सांगितले, की चहा, कॉफी, लोणी आणि मांस सोडले तर इतके राबावे लागणार नाही. ऐकून नवऱ्याने सुस्कारा टाकला आणि बायको नुसती पाहत राहिली. ‘वॉल्डन’मधील हे प्रकरण मला प्रत्येक वाचनात खटकते. पोटभर शिकून, स्वेच्छेने कमी खाणाऱ्याने नाइलाजाने कमी खाणाऱ्याला उपदेश करावा, यात थोरोची चूक एवढीच, की आपली काटकसर ही निवड आहे आणि समोरच्याचे दारिद्र्य ही सक्ती आहे, हा भेद त्या पावसात त्याच्या ध्यानात राहिला नाही. एरवी त्याला तो ठाऊक होता. आपली राहणी दुसऱ्या कोणी उचलावी अशी आपली मुळीच इच्छा नाही, प्रत्येकाने आपापली वाट शोधावी, असे त्याने त्याच पुस्तकात बजावलेले आहे.

या राहणीची कसोटी तळ्यापेक्षा तुरुंगात लागली. गुलामगिरीला आश्रय देणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध पुकारणाऱ्या सरकारला मी कर देणार नाही, म्हणून त्याने काही वर्षे डोईपट्टी थकवली होती. जुलै १८४६ मध्ये दुरुस्तीला टाकलेला बूट आणायला तो गावात गेला असता त्याला अटक झाली. कोणीतरी, बहुधा मावशीने, परस्पर पैसे भरल्याने एकच रात्र कोठडीत काढावी लागली. सुटल्यावर त्याने बूट घेतला आणि मंडळींबरोबर रानात करवंदांसारखी फळे वेचायला तो निघून गेला. त्या रात्रीतून निघालेला निबंध १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्याजवळ जप्त करण्याजोगे थोडेच असते, त्याला नकार देणे सोपे जाते, हा विचार त्यात आहे. गांधीजींनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आपल्या ‘इंडियन ओपिनियन’मधून त्याचा परिचय करून दिला. दुर्गाबाईंनी १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला आणि १९७६ मध्ये कारावासही भोगला, हे आपल्याला ठाऊक आहेच.

६ सप्टेंबर १८४७ ला थोरोने तळे सोडले. पुष्कळांची समजूत अशी असते, की तो आयुष्यभर रानात राहिला. प्रत्यक्षात त्यानंतरचे काही महिने तो इमर्सनच्या घरी होता आणि पुढची सुमारे चौदा वर्षे आईवडील व बहीण सोफिया यांच्या भरल्या घरात राहिला. माळ्यावरची खोली त्याची. त्या घरातील स्त्रिया गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत पुढे होत्या आणि पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळे. मोजणीदार म्हणून गावात त्याला मान होता. गरजेपुरते काम घेई. १८४९ मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले, ते छापण्याचा बोजा त्याच्यावरच होता. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने १८५३ मध्ये परत पाठवल्या. त्या पाठीवरून माळ्यावर चढवून त्याने भिंतीशी रचल्या आणि कर्ज फेडले. ‘वॉल्डन’ ९ ऑगस्ट १८५४ ला प्रसिद्ध झाले.

ग्रंथालयाच्या सभासदांना या माळ्यावरील आयुष्यातील आणखी काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. थोरो पुस्तके विकत घेण्यात फार खर्च करू शकत नसे. हार्वर्डच्या ग्रंथालयातून पुस्तके घरी नेण्याचा अधिकार दहा मैलांच्या आत राहणाऱ्या ठराविक लोकांनाच होता. ग्रंथपालाने नकार दिला तेव्हा १८४९ मध्ये तो थेट विद्यापीठाचे अध्यक्ष जेरेड स्पार्क्स यांच्याकडे गेला. आपण लेखनाचा व्यवसाय पत्करला आहे, पुस्तके घेण्याची ऐपत नाही, आणि रेल्वेमुळे आता अंतरांचे जुने माप उरलेले नाही, असा त्याचा युक्तिवाद. ज्या रेल्वेची त्याने एवढी टर उडवली, तीच येथे साक्षीला आली! परवानगी मिळाली आणि तो अखेरपर्यंत तेथून पुस्तके आणीत राहिला.

स्वतःच्या ताटात काटकसर करणारा हा माणूस गावाच्या बुद्धीच्या ताटात मात्र काटकसर सहन करीत नसे. कॉन्कॉर्डने सभागृहाच्या इमारतीवर १७,००० डॉलर खर्च केले होते. हिवाळी व्याख्यानमालेसाठी वर्षाला जमणारे १२५ डॉलर हाच त्याच्या मते गावाचा सर्वांत चांगला खर्च. तो वाढत का नाही आणि गावाने विद्येचा व कलेचा यजमान का होऊ नये, हा त्याचा सवाल होता. एकेका घराने कमीत राहावे, पण गावाने मिळून श्रीमंत असावे, अशी त्याची मांडणी होती. आपल्या संस्थेच्या वर्गणीदारांना ती नवी वाटणार नाही.

१८५५ मध्ये टॉमस चमली या इंग्रज मित्राने त्याला भारतीय वाङ्मयाचे ४४ खंड भेट पाठवले. वेदोपनिषदांचे आणि पुराणांचे अनुवाद त्यात होते. एरवी पायपुसणे नाकारणाऱ्या थोरोने ही भेट डोक्यावर घेतली. पुस्तके वाटेत आहेत असे कळल्यापासूनच तो त्यांच्यासाठी कपाट करायला लागला होता. नदीतून वाहत आलेली लाकडे गोळा करून ते त्याने स्वतः बनवले. फळ्यांना खर्च काहीच आला नाही.

डिसेंबर १८६० मध्ये, झाडांच्या बुंध्यावरील वर्तुळे मोजीत थंडीत बसल्याने त्याला पडसे झाले आणि ते छातीत उतरले. जुना क्षय उलटला. १८६१ मध्ये हवापालटासाठी तो मिनेसोटाला जाऊन आला, पण उपयोग झाला नाही. अंथरुणावर असताना तो सोफियाच्या मदतीने हस्तलिखिते नीट लावीत होता. पलंग त्याने खाली, सर्वांच्या वावरण्याच्या खोलीत आणवला होता. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो तेथेच वारला. ४४ खंड इमर्सन आणि इतर मित्रांत वाटले गेले. हस्तलिखिते सोफियाकडे राहिली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिने त्यांतून त्याची उरलेली पुस्तके बाहेर आणली.