घासातली शक्ती शोधणारे डॉ. सुब्बाराव

आपल्या स्मरणिकेत संतांची व देशभक्तांची चरित्रे नेहमी येतात. यंदा एका शास्त्रज्ञाविषयी लिहावे असे मनात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी. निमित्त झाले मुलीच्या अभ्यासाचे. अन्नापासून पेशीत शक्ती कशी मोकळी होते हा धडा ती मोठ्याने वाचत होती आणि एटीपी हे नाव सारखे कानावर पडत होते. ते द्रव्य शोधणाऱ्यांत आपल्या देशाचा एक सुपुत्र होता, हे मात्र तिच्या पुस्तकात नव्हते.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे झाला. घरची स्थिती बेताची. लहानपणी ते काशीला जाऊन केळी विकण्याच्या बेताने घरातून पळाले होते, पण आईने त्यांना परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तरी माउलीने हाय खाल्ली नाही. वडील वारल्यावर अंगावरचे दागिने मोडून तिने मुलाला शिकवले. पुढे मद्रासला डॉक्टरी शिकताना ते गांधीजींच्या हाकेला मान देऊन शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घालू लागले. इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गेली आणि पूर्ण पदवीऐवजी हलकी पदविका हाती पडली. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने दगावले. त्या दुखण्यावर औषध शोधायचेच, हे तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले.

१९२३ साली सासऱ्यांनी पैशाची मदत केली आणि ते अमेरिकेत बोस्टनला गेले. तिथे पोट भरण्यासाठी रात्री इस्पितळात रोग्यांची मलमूत्राची भांडी धुतली. पुढे हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम मिळाले. दोघांनी १९२५ साली रक्तातला फॉस्फरस मोजण्याची रीत बसवली. त्यात निळा रंग किती गडद येतो यावरून हिशेब करतात. मग १९२७ मध्ये स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी त्यांनी ओळखले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही एटीपी सापडले.

आता हे एटीपी म्हणजे काय, ते मला उमगले तसे सांगते. आपण भाकरी खातो, तिची पोटात साखर होते आणि ती रक्तातून पेशीत जाते. चुलीत लाकूड जळते तेव्हा सारी आच एकदम निघते. पेशीत तसे झाले तर ती करपूनच जाईल. म्हणून तिथे साखर पायरीपायरीने फुटते, श्वासातला प्राणवायू त्या कामी येतो आणि निघालेली शक्ती थोडी थोडी एटीपीत साठते. बाजारात मोठी नोट काढली की भाजीवाली मोड मागते ना, तसेच हे. भाकरी ही नोट आणि एटीपी ही मोड. त्याला फॉस्फेटचे तीन मणी असतात. शेवटचा मणी सुटला की शक्ती मोकळी होते आणि हात हलतो. मग तो मणी पुन्हा जोडला जातो. अंगात एटीपी एका वेळी थोडेच असते, तेच दिवसभर फिरत राहते. एकदम हंडा उचलायचा झाला तर फॉस्फोक्रिएटिन ही डब्यातली शिल्लक कामी येते. एटीपी सगळ्याच पेशींचे चलन आहे, हे १९४१ साली फ्रिट्झ लिपमान यांनी मांडले.

एवढे करूनही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळ लेडर्ली या औषधांच्या कारखान्यात गेले. तेथे त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ मध्ये फॉलिक ॲसिड तयार केले. हे द्रव्य संग्रहणीच्या रोग्यांनाही उपयोगी पडले. त्याआधी, १९३१ च्या सुमारास, ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार बायांच्या पंडुरोगावर काम केले होते. यीस्टच्या अर्काने त्या बाया सुधारल्या. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य ते हेच. गरोदरपणी लोहाबरोबर आपल्याला गोळी देतात, तीही हीच. हत्तीरोगावरचे हेट्राझान हे औषधही त्यांच्याच देखरेखीखाली निघाले.

पण माझे मन अडकले ते त्यांच्या पत्नी शेषगिरी यांच्यापाशी. १९१९ साली लग्न झाले. पती परदेशी गेले तेव्हा त्यांना दिवस गेले होते. मुलगा झाला आणि वर्षाच्या आतच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. थोड्या वर्षांत परततो म्हणून गेलेले सुब्बाराव कधीच परतले नाहीत. आज गोळी घेणाऱ्या किती बायांना त्यांचे उपकार आहेत हे मी जाणते, तरी या एका गोष्टीसाठी त्यांना माफ करावे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच त्यांना मृत्यू आला. १९९५ साली, जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.