मृताच्या वारसांचा हक्क आणि आयडा वेल्स यांचा लढा

अत्याचारात माणूस मारला गेला की गावात गाड्यांचा ताफा येतो. मंत्री येतात, पुढारी येतात, फोटो निघतात, विधवेच्या हातात धनादेश ठेवला जातो आणि सारे निघून जातात. मग शासन उपकार केल्याचा आव आणते आणि गावातील सवर्ण मेलेल्याचे पैसे खाल्ले म्हणून टोमणे मारतात. भरपाई ही दया आहे की हक्क? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका काळ्या स्त्रीने आपल्या लढ्यातून देऊन ठेवले आहे. तिचे नाव आयडा बी. वेल्स. आंबेडकरी चळवळीने हे चरित्र अभ्यासले पाहिजे.

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे झाला. आईवडील गुलाम होते. वडील सुतारकाम करीत, आई स्वयंपाकीण होती. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि या कुटुंबाने पहिले काम केले ते मुलांना शाळेत घालण्याचे. १८७८ साली पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि तान्हा भाऊ गेले. भावंडांना वेगवेगळ्या घरी वाटून टाकण्याचे नातलगांनी व परिचितांनी ठरविले. सोळा वर्षांच्या आयडा यांनी त्याला साफ नकार दिला, शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर सांभाळले.

पुढे त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात आल्या. स्त्रियांच्या पहिल्या वर्गाच्या डब्याचे तिकीट असूनही रेल्वेच्या माणसांनी त्यांना ओढून बाहेर काढले. आयडा कोर्टात गेल्या. १८८४ साली खालच्या कोर्टाने त्यांना ५०० डॉलरची भरपाई दिली. १८८७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खर्चाचा बोजाही त्यांच्यावरच टाकला. कायदा कागदावर समान असला तरी न्यायासनावर कोण बसले आहे यावर निकाल ठरतो, हा धडा त्यांना तरुण वयातच मिळाला. मात्र त्यांनी कोर्टाचा रस्ता सोडला नाही आणि सोबत लेखणीही हाती घेतली. १८८९ साली त्या ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या भागीदार व संपादक झाल्या. काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था छापली म्हणून १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली.

९ मार्च १८९२ या दिवसाने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. मेम्फिसमध्ये टॉमस मॉस हा पोस्टमन आणि त्याचे साथी काळ्या लोकांच्या मालकीचे किराणा दुकान चालवीत होते. शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसला. कुरापत काढून भांडण उभे केले गेले, मॉस, मॅकडॉवेल आणि स्ट्युअर्ट या तिघांना तुरुंगात टाकले गेले आणि रात्री झुंडीने त्यांना तुरुंगातून बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. मॉसच्या मागे गरोदर पत्नी आणि लहान मुलगी होती. एकाही मारेकऱ्यावर खटला चालला नाही. दुकान लुटले गेले, मोडीत निघाले. पायाखाली राहणारा माणूस मालक होऊ लागला हाच त्यांचा गुन्हा होता. आपल्याकडे जमीन कसली, पक्के घर बांधले म्हणून ज्यांच्यावर हल्ले झाले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मॉस हा आयडा यांचा जिवलग मित्र होता. काळ्या पुरुषांना बलात्काराच्या गुन्ह्यासाठीच मारले जाते, असा प्रचार तेव्हा सर्रास होता. आयडा यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांनी छापलेले आकडे जमविले आणि दाखवून दिले की मारल्या गेलेल्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश लोकांवर तसा नुसता आरोप तरी होता. या प्रचाराविरुद्ध लिहिताच मे १८९२ मध्ये त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. त्या वेळी त्या बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. मेम्फिसला परतलात तर जीव घेऊ, अशी धमकी आली. त्यांनी न्यूयॉर्कहून लिहिणे सुरू ठेवले, पुस्तिका काढल्या, १८९३ आणि १८९४ साली इंग्लंडमध्ये जाऊन हा प्रश्न जगासमोर मांडला. १८९५ साली शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि घरातच कायद्याची जोड मिळाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २२ फेब्रुवारी १८९८ रोजी साउथ कॅरोलायनातील लेक सिटी येथे फ्रेझियर बेकर या काळ्या पोस्टमास्तरचे घर झुंडीने पेटविले. काळा माणूस पोस्टमास्तर झालेला तेथील गोऱ्यांना सहन झाले नव्हते. बेकर आणि त्यांची तान्ही मुलगी ठार झाली, पत्नी व इतर काही मुले जखमी झाली. आयडा अंगावर पिणारे मूल घेऊन वॉशिंग्टनला गेल्या, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांना भेटल्या आणि दोन मागण्या ठेवल्या. एक, मारेकऱ्यांना शिक्षा. दोन, विधवेला आणि मुलांना केंद्र सरकारकडून भरपाई.

त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. रॉक स्प्रिंग्ज येथे १८८५ साली चिनी मजुरांची कत्तल झाली तेव्हा अमेरिकेने चीनला १,४७,७४८ डॉलर मोजले होते. न्यू ऑर्लिन्स येथे १८९१ साली इटालियन कैदी मारले गेले तेव्हा इटलीलाही सुमारे २४ हजार डॉलर दिले होते. परक्या देशाच्या नागरिकाच्या जिवाची किंमत सरकार मोजते, मग स्वतःच्या नागरिकाच्या, तेही सरकारी नोकराच्या वारसांना ते का नाकारते?

तेव्हाच्या संसदेत जॉर्ज व्हाइट हे एकटेच काळे सदस्य होते. दक्षिणेतील सदस्यांनी विरोध करू नये म्हणून त्यांनी जेमतेम एक हजार डॉलरची मागणी करणारे विधेयक मांडले होते. आयडा यांना ते पटले नाही. पाच डॉलर मागितले तरी ते विरोध करतील, कारण त्यांना रक्कम नव्हे, तत्त्व नको आहे, असे त्यांनी व्हाइट यांना सांगितले. भरपाई दिली की सरकारने आपली जबाबदारी कबूल केली असा अर्थ होतो, आणि वर्चस्ववाद्यांना नेमकी ती कबुली नको असते. पाच आठवडे त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले. तेवढ्यात स्पेनशी युद्ध जुंपले आणि विधेयक बाजूला पडले. १८९९ साली खटला उभा राहिला, पण ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि कोणालाही शिक्षा झाली नाही.

पण लढा वाया गेला नाही. इलिनॉय राज्यात १९०५ साली एडवर्ड ग्रीन या काळ्या आमदाराच्या पुढाकाराने झुंडबळीविरोधी कायदा झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. मृतावर अवलंबून असलेल्या वारसांना स्थानिक शासनाकडून पाच हजार डॉलरपर्यंत भरपाई मागता येत होती, आणि ज्या शेरीफच्या ताब्यातून माणूस झुंडीने नेला त्याचे पद जात होते. भरपाई कराच्या पैशातून जाणार म्हणजे गप्प बसून पाहणाऱ्या गावालाही किंमत मोजावी लागणार.

१९०९ साली कैरो गावात विल जेम्स याला शेरीफच्या ताब्यातून नेऊन मारले गेले. शेरीफला पद परत मिळावे म्हणून काही काळ्या लोकांनीही अर्जावर सह्या केल्या होत्या. आयडा कैरोला गेल्या, माहिती जमविली, लोकांना जागे केले आणि राज्यपाल डिनीन यांच्यासमोर शेरीफच्या वकिलांविरुद्ध बाजू मांडली. राज्यपालांनी शेरीफला पुन्हा नेमण्यास नकार दिला. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत आयडा यांचे निधन झाले. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा व्हायला मात्र २०२२ साल उजाडावे लागले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा आयडा शिकागोत झुंजत होत्या. आयडा यांना जे दारोदार मागावे लागले ते बाबासाहेबांनी आपल्याला घटनेतच दिले. कलम ३२ हे त्याचे मूळ आहे. ओरिसातील एका आईने कोठडीत मेलेल्या मुलासाठी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली याचिका मानले आणि १९९३ साली निलाबती बेहरा खटल्यात राज्याला दीड लाख रुपये द्यायला लावले. अपकृत्याने मृत्यू झाल्यास पत्नी, पती, आईवडील आणि मुलांसाठी दावा करता येतो, हे तर १८५५ च्या कायद्यापासून आहे.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांनुसार खुनाच्या प्रकरणात वारसांना सव्वाआठ लाख रुपयांचे साहाय्य आहे. त्याशिवाय दरमहा पाच हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन व महागाई भत्ता, कुटुंबातील एकास नोकरी, शेतजमीन, घर आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च यांची तरतूद आहे. कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा अधिकारी गुन्हेगार ठरतो. कलम १५-अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या वेळी वारसांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे.

एवढे असून खैरलांजीत काय झाले? २९ सप्टेंबर २००६ रोजी चार जीव गेले, पण अॅट्रॉसिटी कायदा कोर्टात टिकला नाही. न्यायाची वाट पाहत भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत काय नोंदवले जाते, कोणती कलमे लागतात, यावर सारा खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ निषेधाच्या सभेवर थांबू नये. मृताच्या घरी जाताना सोबत वकील न्यावा. एफआयआरची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मिळवावी, जातीचा दाखला व वारसांची नावे नोंदवून घ्यावीत, नोकरी, जमीन व निवृत्तिवेतनाचा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्यावी आणि जामिनाच्या प्रत्येक तारखेला कुटुंबासोबत कोर्टात उभे राहावे. धनादेश घेणाऱ्या विधवेने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. तिचा माणूस वाचवणे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नाही, याची ती लेखी कबुली आहे. मान खाली घालायची असेल तर ती त्यांनी घालावी.

जयभीम!