जनीची आठवण कोणी राखली?

देवगिरीच्या यादवांनी आपल्या दानधर्माची नोंद दगडावर कोरून ठेवली. ते शिलालेख वाचायला आज जाणकार माणूस लागतो. त्याच काळात गोदाकाठच्या गंगाखेडात जन्मलेल्या एका दासीने काहीच कोरून ठेवले नाही. तरी तिचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. आमचे पालम गंगाखेडच्या शेजारचे. त्यामुळे जनाबाई ही आम्हांला संत वाटण्याआधी शेजारगावची लेक वाटते. ही लेक सातशे वर्षे टिकली ती लोकांच्या आठवणीवर. माणसाची आठवण एवढी बळकट असते का? काल कपाटाची किल्ली कुठे ठेवली हे ज्याला आठवत नाही, त्याच माणसाने हे केले कसे?

जनीची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. बापाचे नाव दमा, आईचे करुंड. दोघेही विठ्ठलाचे भक्त. जनी लहान असतानाच ती पंढरपूरला दामाशेट शिंप्यांच्या घरी आली आणि तिथलीच झाली. पुढे १२७० साली त्या घरात नामदेवांचा जन्म झाला. परंपरा सांगते की जनीने त्यांना अंगाखांद्यावर खेळवले. नामदेव मोठे झाले, कीर्तनात रंगले, देशभर हिंडले. जनीच्या वाट्याला दळण, कांडण, पाणी, शेण्या आणि धुणे एवढेच राहिले. आयुष्यभर तिने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतले. आज तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. नामदेवांच्या गाथेतच ते छापले जातात. म्हणजे छापील पुस्तकातही ती त्याच घरात राहते!

हे अभंग ती रचायची कधी? हाताला काम असतानाच. तिच्या अभंगांतला देव गाभाऱ्यात फारसा थांबत नाही. तो जात्याशी बसतो, शेण्या वेचतो, जनीच्या डोईला तेल लावतो. तिला कोणी दौत-लेखणी पुढे करून बसवले नव्हते. म्हणून सुचलेले टिकवायचे तर ते टिकण्याजोगेच घडवणे भाग होते.

मोठ्या अभंगाची घडण पाहा. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले की आपले मन एका वेळी साधारण सातच गोष्टी धरून ठेवू शकते. पुढच्या संशोधनाने तर हा आकडा चारापर्यंत खाली आणला. जात्यात पायलीभर ज्वारी एकदम ओतत नाहीत, मूठमूठ वैरण घालतात. मनालाही असेच मुठीमुठीने द्यावे लागते. अभंगाचा चरण ही अशी एक मूठ आहे. त्यातला एखादा शब्द विसरलाच, तर यमक आणि अक्षरांची मोजदाद मिळून तो बहुतेक वेळा परत आणून देतात, कारण त्या जागी दुसरा शब्द सहसा बसतच नाही.

पण एवढ्यानेही भागत नाही. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या कितीतरी येत. एकदा तिला ओट्यावर बसवून मी सांगायला लावल्या, तर दोन म्हटल्या आणि ती गप्प झाली. घरात जुने जाते होते. त्याच्यापाशी ती बसली, रिकाम्या जात्याचा खुंटा हाती धरला, दोन फेरे घेतले, आणि मग दिवस कलेपर्यंत ती थांबली नाही. जनीच्या, सीतेच्या, भावाच्या, सासुरवासाच्या ओव्या एकीचा हात धरून एक येत गेल्या.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. १९७५ साली ब्रिटनमध्ये पाणबुड्यांवर एक प्रयोग झाला. काही शब्द त्यांनी पाण्याखाली पाठ केले, काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावरचे काठावर. आठवण एकटी साठवली जात नाही. जागा, हालचाल, आवाज हे सारे तिच्याबरोबर बांधले जाते. यातले एक टोक ओढले की दुसरे हलते. जनीचे अभंग बायकांच्या ओठांवर राहिले, ते जाते रोज पहाटे फिरत होते म्हणून.

आता दुसरी बाजू. आठवण जशी राखते, तशी बदलतेही. कबीर पंढरपूरला आले, तेव्हा जनी शेण्यांवरून भांडत होती; कानाला लावल्यावर ज्या शेण्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या आपल्या, असे तिने सांगितले, ही गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. पण कबीर पंधराव्या शतकातले. जनी त्याआधीच, परंपरेप्रमाणे १३५० साली, पंढरपुरात देह ठेवून गेलेली. दोघांची गाठ पडणार कशी?

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली याचे उत्तर दिले. त्यांनी लोकांना एक परकी गोष्ट वाचायला दिली आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला अनोळखी तपशील गळत गेले आणि ऐकणाऱ्याला ओळखीचे वाटणारे तपशील येऊन बसले. आठवण म्हणजे ट्रंकेत घडी घालून ठेवलेले लुगडे नव्हे. ती दर वेळी नव्याने विणली जाते. ज्यांची मने सारखी वाटली त्या दोघांना लोकांनी एका अंगणात आणून बसवले, मधली शंभर वर्षे गाळून टाकली.

अभंगांचेही तसेच. शेवटी येणारी जनीची नाममुद्रा हा आठवणीतला शिक्का. पण शिक्का सोपा असला की इतरांच्या हातूनही उमटतो. म्हणून तिच्या नावावरचे सगळेच अभंग तिचे नसावेत, असे अभ्यासक मानतात. मला याचे वाईट वाटत नाही. आपली रचना जनीच्या नावे सोडून देणारी ती कोण असेल? तिनेही पहाटे दळले असेल आणि तिचेही नाव कोणी विचारले नसेल.

वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. जाते फिरवण्यात खांदे कसे भरून येतात, हे जिने दळले तिलाच ठाऊक. पण खुंटा सुटला तशी त्याला बांधलेली ओवीही सुटली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी पुण्यातून काम सुरू करून, महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी हाती राहिल्या. ज्या कोणी विचारल्याच नाहीत, त्या म्हणणारीबरोबर गेल्या.

जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजून दाखवले होते की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच भराभर विसरले जाते, आणि उजळणी केली तर टिकते. जनीला हे कोणी शिकवले नव्हते. तिची उजळणी पिढ्यान् पिढ्या इतरांनी केली. घरात अजून एखादी आजी असेल, तर तिच्याशेजारी काही काम घेऊन बसावे. शेंगा फोडाव्यात, भाजी निवडावी. नुसते सांग म्हटले तर तिला आठवणार नाही. हात चालू लागले की आठवेल.